ज्याचा पगार मोठा, त्याचं गाव?

आमचे एक ज्येष्ठ स्नेही आहेत. राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. शब्दाला वजन असलेला माणूस. नात्यातली, ओळखीतली तरुण जोडपी पेचात सापडली की त्यांच्याकडे जातात. नवऱ्याला पुण्याची नोकरी लागलीय, बायकोची नोकरी इथे आहे, करायचं काय, असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर तयार असतं : "यात विचार कसला करता? ज्याचा पगार मोठा, त्याच्या गावी सगळ्यांनी जायचं. घर एका छताखाली राहिलं पाहिजे. आम्ही सात गावं फिरलो, काही बिघडलं का आमचं?"

चहाच्या टेबलावर मी त्यांना उत्तर दिलं होतं. "तू हिशेबनीस माणूस, तुला संसारातलं काय समजते?" म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. तेव्हा आता लिहून देतो, आणि हिशेबनीस म्हटलंच आहे तर हिशेबापासूनच सुरुवात करतो.

माझं ऑफिस नागपूरच्या बर्डीवर, मेन रोडच्या मागच्या गल्लीत. जून-जुलैत आयकराचं रिटर्न भरायला नोकरदार जोडपी येतात, दोघांचे फॉर्म सोळा एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून. काम संपलं की उठता उठता हळूच विचारतात, "सर, पुण्याची ऑफर आली आहे. जावं का?" करसल्लागाराला हे विचारायचं कारण उघड आहे. घरच्यांचं उत्तर आधीच ठाऊक असतं.

समजा, नवरा मिहानमधल्या एका कंपनीत वर्षाला ९ लाख कमावतो. बायको अनुदानित शाळेत कायम शिक्षिका, साडेसात लाख. राहतं घर त्याच्या वडिलांचं, म्हणजे भाडं नाही. त्याला हिंजवडीहून १६ लाखांची ऑफर येते. घरात पेढे येतात, कारण पगार जवळजवळ दुप्पट झाला. आता कागद-पेन घ्या. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या कररचनेत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर भरावा लागत नाही. म्हणजे आज या दोघांच्या मिळून साडेसोळा लाखांवर कर शून्य. तिने राजीनामा दिला आणि सगळे पुण्याला गेले, तर घरात येणार १६ लाख, तेही एकाच्याच नावावर. ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढली तरी कर आणि उपकर मिळून १,१३,१०० रुपये जातील. वाकडकडे फ्लॅटचं भाडं महिना ३० हजार धरलं तर वर्षाचे ३ लाख ६० हजार. साडेसोळा होते, हातात राहिले सव्वाअकरा. तिथे तिला एखाद्या खासगी शाळेत महिना २५ हजारांची नोकरी मिळाली असं धरा, तरी सव्वाचौदा. पेढे नेमके कशाचे वाटले?

आपली करपद्धती नवरा-बायकोला एक खातं मानत नाही. प्रत्येकाचा हिशेब वेगळा. त्यामुळे दोघांचे मध्यम पगार हे एकाच्या गलेलठ्ठ पगारापेक्षा बहुधा फायद्याचे ठरतात. १२-१२ लाख कमावणारी दोघं मिळून आयकराचा एक रुपया भरत नाहीत. २४ लाख कमावणारा एकटा २,९२,५०० रुपये भरतो. घरात येणारा आकडा तोच, चोवीस. ही गोष्ट बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी सांगावी याचंच मला नवल वाटतं. पण त्यांच्याही हिशेबात बायकोचा पगार हा 'हातभार' असतो. हातभार बेरजेत धरायचा नसतो, तो आला तर आला.

यावर स्नेह्यांचा जबाब असा की, मी आजचं बघतो, उद्याचं बघत नाही. पोराचा पगार पाच वर्षांत तीस लाख होईल. होईलही. पण उद्याचं बघायचं तर दोघांचं बघा ना! त्याच्या पगाराला पाच वर्षं वाढू द्यायची आणि तिचा पगार आजच्या तारखेला गोठवून ठेवायचा, ही कुठली जमाखर्चाची रीत? शिवाय हा 'मोठा पगार' मोठा का असतो तेही जरा उकलून पाहा. आपल्याकडे ठरवून झालेल्या लग्नात मुलगा तीन-चार वर्षांनी मोठा असतो, आणि तसाच तो शोधलेला असतो. म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर, जेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा समोर येतो, तेव्हा त्याच्या गाठीशी अनुभव तीन-चार वर्षं जास्त. पगारातला फरक बहुतेक वेळा तेवढाच असतो, दीड-दोन लाखांचा. त्या दीड लाखाच्या जोरावर गाव ठरतं. ती नोकरी सोडते, नव्या गावी शून्यापासून सुरू करते, चार वर्षांनी हैदराबादची ऑफर येते. आता त्याचे बावीस आणि तिचे तीन. या वेळी कोणी कोणाला विचारतसुद्धा नाही. मोठ्या पगाराने गाव ठरवायचं हा नियम दिसायला न्यायाचा आहे. पण पहिल्या खेपेची लहानशी तफावत दुसऱ्या खेपेला मोठी कोण करतो? हाच नियम करतो. आणि मग त्याच तफावतीकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, मी बरोबर होतो.

ग्रॅच्युइटीचंच घ्या. कायम नोकरदाराला ती मिळायला सलग पाच वर्षांची सेवा लागते. दर तीन-चार वर्षांनी नवऱ्यामागे गाव बदलणाऱ्या बाईला तीस वर्षं राबूनही एक पैसा ग्रॅच्युइटी न मिळणं सहज शक्य आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेने आंतरजिल्हा बदली घेतली, तर नव्या जिल्ह्यात तिचं नाव सेवाज्येष्ठतेच्या यादीत तळाशी जातं. कालपरवा लागलेल्या मुलीच्याही खाली. अनुदानित शाळेतल्या बाईंना तर तेवढीही सोय नाही, एका संस्थेची कायम नोकरी दुसऱ्या संस्थेत हक्काने उचलून नेता येत नाही. आणि आमच्या स्नेह्यांच्याच बँकेत काउंटरवर बसलेल्या किती क्लार्क बाईंनी ऑफिसरची बढती नाकारली असेल? परीक्षा देण्याची अक्कल त्यांच्यात नव्हती म्हणून नव्हे. बढती म्हणजे बदली, आणि बदली झाली तर मागे येणार कोण? स्नेही सात गावं फिरून वर चढले. त्या बाया एकाच खुर्चीवर बसून निवृत्त झाल्या. दोन्हीकडे नियम तोच.

फॉर्म सोळा नसलेल्या बायकांचं तर विचारूच नका. मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांत ब्लाउज शिवणाऱ्या, धंतोलीत दहावीच्या शिकवण्या घेणाऱ्या, डबे देणाऱ्या, घरातच पार्लर चालवणाऱ्या. यांची कमाई माझ्याकडे रिटर्नला येत नाही, म्हणून ती घराच्या हिशेबातही येत नाही. या धंद्यात भांडवल म्हणजे ओळख. अमक्या बाईंच्या क्लासला पोरगं घातलं की गणित सुधारते, एवढं एक वाक्य आसपासच्या चार गल्ल्यांत पसरायला दहा वर्षं लागतात. शिलाई मशीन ट्रकमध्ये चढवता येतं. गिऱ्हाईक चढवता येत नाही.

*

हिशेबात हरलं की माणसं संस्कारांवर येतात. स्नेहीही आले. "पैशाचं सोड," म्हणाले, "घर एकत्र राहिलं पाहिजे की नाही?"

राहिलं पाहिजे. पण मग उलट करून बघू. बायको एमपीएससी होते आणि तिला गडचिरोलीतल्या अहेरीला नेमणूक मिळते. किती घरांत सासरे म्हणतात, "घर एका छताखाली राहिलं पाहिजे, बेटा, तू नागपूरची नोकरी सोड आणि सूनबाईसोबत अहेरीला जा"? तिथे दुसरीच वाक्यं बाहेर येतात. दोन वर्षं कशीही निघून जातील. शनिवार-रविवार येत जा. वशिला लावून बदली मागून घेऊ. पोराला आजी सांभाळेल. वर्ध्याला, भंडाऱ्याला लागली असेल तर अपडाउन कर, पास काढून टाक. म्हणजे घर दोन छतांखाली राहिलं तरी चालतं, निभतं, पोरंही वाढतात. हे सगळं आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. ते फक्त बायकोच्या नोकरीच्या वेळी आठवतं. बायकोमागे गेलेले नवरे नसतातच असं नाही. माझ्या ओळखीत आहेत. पण त्यांची गोष्ट नातेवाइकांत दबक्या आवाजात सांगितली जाते, जणू त्यांना काही दुखणं जडलं आहे.

जे तत्त्व एकाच बाजूने लागू होतं त्याला मी तत्त्व म्हणायला तयार नाही. एकत्र राहण्याचा आग्रह खरा असता तर तो दोन्ही वेळी सारखाच झाला असता. होत नाही, याचा अर्थ आग्रह वेगळ्याच गोष्टीचा आहे : कोणी कोणाच्या मागे जायचं. ते आधी ठरलेलं असतं, आणि 'कुटुंब एकत्र हवं' हे त्यावर नंतर चढवलेलं सोवळं.

हवं तर आकडे बघा. केंद्र सरकारच्या २०२०-२१च्या श्रमशक्ती पाहणीत स्थलांतराचीही मोजदाद झाली. देशातल्या पुरुषांपैकी १०.७ टक्के स्थलांतरित निघाले आणि स्त्रियांपैकी ४७.९ टक्के. गाव सोडलेल्या स्त्रियांपैकी ८६.८ टक्क्यांनी कारण सांगितलं लग्न. त्याखालोखालचं कारण, घरातला कमावता माणूस हलला म्हणून. स्वतःच्या नोकरीसाठी हललेल्या त्यात अगदी नगण्य. या देशात बाई एकदा लग्नात गाव सोडते, ते कोणी गाव सोडणं मानत नाही. आणि नंतर नवऱ्याच्या बदलीला ती जरा थबकली, तर 'ॲडजस्ट करायला तयार नाही' म्हणतात!

स्नेह्यांना वाटेल, हे सारं आपल्याच मागासपणाचं लक्षण, पोरं शिकली की आपोआप जाईल. तसंही नाही. अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांनी १९७८ सालीच कुटुंबाच्या स्थलांतरावर लिहिताना दाखवलं होतं की, दोघांच्या फायद्याची बेरीज जिथे जास्त तिथे कुटुंब जातं, आणि त्यात एकाला स्वतःचं नुकसान सोसून नुसतं ओढलं जावं लागतं. ती ओढली जाणारी व्यक्ती बहुधा बायको. अलीकडे सीमा जयचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनी आणि स्वीडनमधल्या जोडप्यांच्या नोंदी तपासल्या. तिथेही जोडपं गाव बदलतं तेव्हा नवऱ्याची कमाई वाढते, बायकोची फारशी वाढत नाही. आणि नोकरी गेली म्हणून गाव सोडायचं, तर नवऱ्याची गेल्यावर सोडण्याची शक्यता बायकोची गेल्यावर सोडण्यापेक्षा अधिक. स्वीडनची ही तऱ्हा, तर आपण आपोआप सुधारण्याची वाट बघत किती काळ बसायचं?

जाता जाता एक. दर डिसेंबरात सरकार हिवाळी अधिवेशनासाठी मुंबईहून नागपुरात येतं. फायली येतात, अधिकारी येतात, शिपाई येतात, आणि त्यांची बायकापोरं मुंबईतच राहतात. एका छताचा आग्रह त्या दिवसांत कोणी धरल्याचं ऐकिवात नाही.

*

"पूर्वीच्या बायका जातच होत्या की!" हा स्नेह्यांचा पुढचा मुद्दा. आणि इथे त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांचं उदाहरण दिलं. रानड्यांच्या पुण्याहून नाशिक, धुळे अशा बदल्या झाल्या, रमाबाई सोबत होत्या. १८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, रमाबाईही मुंबईला गेल्या. खरं आहे. पण त्यांनी ज्या पुण्यातल्या सेवासदनाला आयुष्य वाहिलं ते १९०९चं. रानडे वारले १९०१ साली. त्यानंतर त्या पुण्याला परतल्या, आणि मगच कुठे मूळ धरून कामाला लागल्या. हे उदाहरण स्नेह्यांच्या बाजूने बोलतं की माझ्या, ते त्यांनीच ठरवावं.

आणि त्याच काळातला दुसरा नवरा त्यांना का आठवला नाही? पोस्टात कारकून असलेल्या गोपाळराव जोश्यांनी आनंदीबाईंच्या शिक्षणात घरच्यांचा अडथळा नको म्हणून कल्याणहून अलिबागला बदली करून घेतली. पुढे १८८३ साली आनंदीबाई एकट्या अमेरिकेला गेल्या आणि गोपाळराव मागे राहिले. १८८६ साली फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी मिळाली तेव्हा गोपाळराव समुद्र ओलांडून तिथे पोचले होते. म्हणजे बायकोच्या मागे गेले होते. गोपाळराव काही देवमाणूस नव्हते, हट्टी आणि तापट होते, आणि त्याचे चटके आनंदीबाईंनीच सोसले. तरीही एवढं तरी कबूल करा की, सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पोस्टातल्या कारकुनाला जे सुचलं, ते आजच्या आयटीतल्या टीम लीडला सुचू नये असा काही निसर्गनियम नाही.

आमच्या नागपूरचंच बघायचं तर कुसुमावती देशपांडे. त्यांचे पती कवी अनिल न्यायखात्यात, आणि कुसुमावती १९३१पासून पुढे वीस वर्षांहून अधिक काळ नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका. १९६१च्या ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, त्या मानाच्या जागी बसलेल्या पहिल्या स्त्री. त्या घरात नोकऱ्या दोन होत्या आणि नावंही दोन. त्या दोघांच्या पत्रांच्या पुस्तकाला 'कुसुमानिल' म्हणताना आपण अजूनही कुसुमावतींचं नाव आधी घेतो.

पण नागपूरकराला बदलीचा खरा धडा १९५६ सालाने दिला. तोवर हे शहर मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय जबलपूरला. सचिवालयातल्या कर्मचाऱ्यांची वाटणी झाली : हा भोपाळला, तो मुंबईला. बर्डी, धंतोली, सिव्हिल लाइन्समधून किती बिऱ्हाडं उठली असतील! भोपाळला या सगळ्यांच्या राहण्यासाठी अख्खं तात्या टोपे नगर वसवावं लागलं. त्या राज्यपुनर्रचना कायद्याचं ११५वं कलम माझ्या कामाचं आहे. त्यात कर्मचाऱ्याला स्पष्ट हमी आहे की, केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय त्याच्या सेवाशर्ती त्याला तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत. म्हणजे माणूस इकडून तिकडे हलवला तर त्याचं नुकसान होऊ नये, एवढं सरकारलाही समजत होतं. एकाच घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाला ही हमी कोण देतं? कंपनी देत नाही. कायदा देत नाही. नवरा देतो का, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि तोंडी नको, आकड्यांत.

कायद्याचं निघालंच आहे तर तेही उरकून घेतो, कारण "बायकोने नवऱ्याच्या घरी नांदायचं हा कायदाच आहे" असं स्नेह्यांनी मला ठासून सांगितलं. रखमाबाईंच्या खटल्यापासून, म्हणजे १८८४पासून, हे वाक्य कोर्टात फिरतं आहे. त्याच्या बाजूचे निकालही आहेत. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९७७ साली कैलाशवती खटल्यात शिक्षिका असलेल्या बायकोच्या विरुद्ध कौल दिला. पण पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात स्वराज गर्ग खटल्याचा निकाल लागला. बायको पंजाबातल्या सुनामला मुख्याध्यापिका, लग्नाच्या कितीतरी आधीपासून नोकरीत. नवरा दिल्लीत, कमाई तिच्यापेक्षा कमी. न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी निकालात म्हटलं की, संसार कुठे थाटायचा हे ठरवण्याचा हक्क एकट्या नवऱ्याला देणारा कोणताही कायदा नाही. ते दोघांनी मिळून, सोयीगैरसोयी तोलून ठरवायचं, आणि तसा एकतर्फी हक्क मानला तर तो समानतेच्या घटनादत्त हक्काशी विसंगत होईल. या निकालालाही आता पन्नास वर्षं होत आली. स्नेही अजून सत्त्याहत्तरातच आहेत.

सरकारी नोकरीत तर ही गोष्ट मान्यच झाली आहे. पती-पत्नी दोघांना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावं अशा सूचना केंद्राने १९८६पासून दिल्या आहेत. आमच्या जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' म्हणून वेगळा वर्ग आहे. दोघांच्या शाळांत तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्याखाली अर्ज करता येतो. अंमलबजावणी कशी होते ते शिक्षकांनाच विचारा, त्यावर वेगळा लेख होईल. पण त्या नियमात कोणी कोणाकडे यायचं ते लिहिलेलं नाही. नवऱ्यानेही अर्ज करायला हरकत नाही.

*

आता स्नेह्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते.

पोरांना बाप जवळ हवा असतो. शुक्रवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्सने निघालेला, शनिवारी दुपारी झोपलेला आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा बॅग भरलेला बाप म्हणजे बाप नव्हे, पाहुणा. ऑगस्ट २०२५पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली, तीही बारा तास घेते. अशी वर्षानुवर्षं काढणं माणसाला पोखरतं, हे मला मान्य आहे. दुसरं म्हणजे नागपुरात एका पातळीच्या वर नोकऱ्या नाहीत. मिहानचा गाजावाजा आम्ही वीस वर्षं ऐकून राहिलो. पण चाळिशीतल्या इंजिनियरला इथे वर जायला जागा किती, हे त्यालाच विचारा. त्याला दोष देता येणार नाही.

आणि तिसरी गोष्ट स्नेह्यांनी सांगितली नाही, ती मीच सांगतो, कारण त्यांच्या मुद्द्यातला सगळ्यात जड ऐवज तोच आहे. बदलीने किती सुनांना स्वतःची चूल मिळाली! महालातल्या किंवा इतवारीतल्या वाड्यात चार जावांमध्ये दबून राहिलेल्या बाईला नवऱ्याच्या चंद्रपूरच्या क्वार्टरमध्ये पहिल्यांदा मनासारखा स्वयंपाक करता आला, खिडकीत बसून पेपर वाचता आला. अशा बाईला 'नोकरी सोडू नकोस, नागपुरातच राहा' असा उपदेश करणारा मी कोण? तिने जावं. नोकरीला कंटाळलेल्या बाईने जावं. जिथे कमाई एकच आहे तिथे सगळ्यांनी खुशाल जावं. माझं भांडण जाण्याशी नाही. माझं भांडण स्नेह्यांच्या पहिल्या वाक्याशी आहे : 'यात विचार कसला करता?'

विचार करायचाच तर सिद्ध कोणी करायचं, हे आधी ठरवा. आज ज्याला हलायचं नाही त्याच्याकडे कारणं मागितली जातात. मला वाटतं, कारणं हलवणाऱ्याने द्यावीत. ऑफर लेटर घेऊन आलेल्याने सांगावं : तुझ्या पगाराचं काय होईल, तुझ्या सेवेची किती वर्षं बुडतील, तिथे तुझ्यासाठी मी कुठे कुठे चौकशी केली, माझे आईवडील इथे एकटे पडले तर नर्सला पैसे कोण देणार, आणि पुढच्या वेळी तुला ऑफर आली तर मी काय करीन. ही पाच उत्तरं ज्याच्याकडे नाहीत, त्याने अजून विचारलेलंच नाही. त्याने फक्त कळवलं आहे. आणि ऑफर तिला आली असेल तर हेच प्रश्न तिलाही.

कंपनीलाही विचारायची लाज कशाला? सामान हलवायचा खर्च मागतो, पंधरा दिवसांचं हॉटेल मागतो. बायकोसाठी नोकरीची शिफारस किंवा महिन्याचे दहा दिवस नागपुरातून काम करायची मुभा मागायला जीभ का अडखळते? करोनाच्या काळात हेच काम याच घरांतून झालं होतं.

"आमचं काही बिघडलं का?" याचं उत्तर राहिलं. ते स्नेह्यांच्या घरीच मिळालं. मी त्यांना माझी बाजू सांगत होतो तेव्हा वहिनी चहाचे कप उचलायला आल्या होत्या. त्या बी.एड. आहेत, सातपैकी पाच गावांत त्यांनी शाळांत नोकरी केली. "प्रत्येक ठिकाणी नव्यानेच लागले, भाऊजी," त्या म्हणाल्या, "आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचे, आधीची शाळा इतक्या कमी दिवसांत का सोडली?" स्नेह्यांना पेन्शन आहे. वहिनींना नाही. बिघडलं की नाही ते मी सांगत नाही, पण त्या घरात हा प्रश्न विचारायचा तर तो त्यांना विचारायला हवा होता.

वरच्या उदाहरणातल्या नऊ आणि साडेसात लाखांच्या जोडप्यासारखं एक जोडपं याच जुलैत माझ्यासमोर बसलं होतं. मी सुचवलं ते असं : आधी त्याने एकट्याने जावं, फ्लॅट घेऊ नये, दोघा-तिघांत खोली घ्यावी. तिने राजीनामा देऊ नये, संस्थेकडे विनावेतन रजेचा अर्ज करावा. मिळेलच असं नाही, पण नकार लेखी घ्यावा. तिने पुण्यात नोकरीसाठी खटपट करावी आणि त्याने नागपुरातून काम करण्याच्या मुभेसाठी, दोघांनीही तेवढ्याच जोराने. पुढच्या मार्चमध्ये दोघांनी कागद घेऊन बसावं आणि आकडे पुन्हा मांडावेत.

मुलीचा चेहरा जरा सैल झाला. मुलगा म्हणाला, "आणि तोवर काहीच जमलं नाही तर, सर?"

तर तू परत ये, मी म्हटलं. तुझ्या रिझ्युमेवर हिंजवडीचं वर्ष असेल, त्याला इथे भाव आहे. तिची कायम नोकरी शाबूत असेल, तिची ज्येष्ठता जागेवर असेल. तिने आज राजीनामा दिला आणि पुढच्या मार्चमध्ये तुम्ही दोघं परत आलात, तर तुला तेवढी नोकरी मिळेल. तिची जागा तोवर भरली गेली असेल.